पाकिटावरचं कुंकू

आमच्या मुंगवड्यांचं पहिलं लेबल मी लिहिलं होतं आणि ते मला अजूनही आवडतं. 'मुगाची डाळ, कोहळं, मिरची, आलं, लसूण, मीठ. दुसरं काही नाही. कडक उन्हात वाळवलेल्या. आधी तेलात परता, मग रस्सा करा.' बस्स. वडी घेणाऱ्याला जे कळायला हवं ते सगळं त्यात होतं. आमच्या बचत गटातल्या बायांनी वाचून माना डोलावल्या आणि आम्ही आष्टीच्या आठवडी बाजारात पाकिटं मांडली. लोक पाकीट उचलायचे, उलटसुलट करायचे आणि परत ठेवून द्यायचे. एक बाई तर म्हणाली, "हे वाचून दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्यासारखं वाटते वो." मी बाजार उठेपर्यंत तोंड फुगवून बसले.

माझा स्वभावच तसा आहे. मला गुळमुळीत बोललेलं चालत नाही. टीव्हीवर पोरगी सासरी जाताना रडते आणि शेवटी कळतं की जाहिरात रंगाची आहे, तेव्हा मी चिडते. रंग किती वर्षं टिकतो ते सांगा ना बाबांनो, पोरीला कशाला रडवता? घरात सगळे मला हसायचे. सासूबाई हसायच्या नाहीत, पण त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलायचा.

वड्या खऱ्या त्यांच्याच. गटातल्या आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. आमचं गाव तळेगावच्या बाजूला, आणि सासरे होते तोवर आसपासच्या कुठल्याही लग्नघरून त्यांना बोलावणं यायचं. आमच्याकडे लग्नाची तयारी वड्यांपासून सुरू होते. पाच सवाष्णी बाजेवर पहिल्या वड्या घालतात, त्या वड्यांना हळदकुंकू लावतात आणि मगच बाकीच्या बाया हात लावतात. त्या पाचांत सासूबाई ठरलेल्या असायच्या. सासरे गेले आणि बोलावणी थांबली. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही, नुसतं बोलावणं थांबलं.

गावाने मधे ग्रामसभेत ठराव केला होता की विधवांना कुठल्याही कार्यक्रमात मागे ठेवायचं नाही. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ठराव पंचायतीच्या कपाटात गेला आणि बाया जिथे बसत होत्या तिथेच बसल्या. सासूबाई तर आमच्या गटाच्या कामातही डाळ वाटून द्यायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. आमच्यापैकी कुणी पहिल्या पाच वड्या घातल्या की मग त्यांचे हात चालू व्हायचे. ते काही लग्न नव्हतं, विकायचा माल होता. तरीही. मी एकदा म्हटलं, "आई, घाला ना तुम्ही." त्या म्हणाल्या, "घाल तू. डाळ आंबून राह्यली."

वर्ध्याच्या एका ठोक व्यापाऱ्याने आमच्या वड्या चाखल्या आणि म्हणाला, "माल एक नंबर आहे ताई, पण पाकीट बोलत नाही." मोठ्या दुकानांत ठेवायचं तर पाकीट बदलावं लागेल. त्याने एक जाहिरातवाला आमच्याकडे पाठवला. चाळिशीचा गोड बोलणारा माणूस, गळ्यात कॅमेरा. माझं लेबल त्याने शांतपणे वाचलं.

"ताई, तुम्ही लोकांच्या डोक्याशी बोलता," तो म्हणाला. "लोक बाजारात डोकं घेऊन येत नाहीत. मुंगवडी म्हटलं की माणसाला काय आठवतं? माय आठवते. आपण मायची आठवण विकायची."

"अन् वडी आधी परता लागते, हे कुठं लिहायचं?"

"मागच्या बाजूला."

"मागचं कोण वाचते?"

"कोणीच नाही," तो हसत म्हणाला. मग त्याने मला विचारलं, "तुम्ही कपड्याला कोणता साबण लावता?" मी सांगितलं. "काऊन तोच?" मी म्हटलं, माझी माय तोच आणायची. "त्यात काय काय आहे हे कधी वाचलं?" मी कधीच वाचलं नव्हतं. पकडली गेले होते. गटातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पाकिटावर मायचा फोटो टाकायचं ठरलं. कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती.

सासूबाई स्वच्छ नऊवारी नेसून बाजेजवळ बसल्या. हातात वाटलेल्या डाळीची परात. जाहिरातवाल्याने दोनचार फोटो काढले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि मान हलवली. चेहरा छान आहे, म्हणाला, पण काहीतरी रिकामं वाटतंय. मग त्याला सापडलं. "आजी, एक मोठं कुंकू लावून घ्या ना. भरल्या कपाळाची माय पाहिजे."

एक बाई परातीत पाहू लागली, एक बाजेचा दोर ओढू लागली. शेवटी मीच म्हटलं, "त्या लावत नाहीत. सासरे नाहीत आमचे."

तो माणूस खरंच ओशाळला. हात जोडले. "माफ करा आजी, मला माहीत नव्हतं. काही हरकत नाही, मी नंतर कम्प्युटरवर लावून घेतो. कुणाला कळणारही नाही."

सासूबाईंनी मान वर केली. "कम्प्युटरवर काऊन?" त्या म्हणाल्या. "माह्या कपाळाले काय झालं?"

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरात गेले, देवाजवळचा करंडा आणला. गटातली एक म्हातारी शेजारीण उठली आणि घरी निघून गेली. मी सासूबाईंसमोर उकिडवी बसले आणि बोट कुंकवात बुडवलं. सासरे गेले त्या दिवशी ते कपाळ पुसलं गेलं तेव्हाही मी तिथेच होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. सरळ माझ्याकडे पाहत राहिल्या. फोटो निघाला. मी पैजेवर सांगते, त्यांच्या साऱ्या आयुष्यात त्यांचा तसा फोटो दुसरा निघाला नव्हता.

दिवसभर त्या कुंकू लावूनच काम करत होत्या. संध्याकाळी तोंड धुताना पुसून टाकलं. मोरीवर त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला असं मला वाटलं, पण मी मुद्दाम तिकडे गेले नाही.

नवी पाकिटं आली आणि आमच्या वड्या चालायला लागल्या. चालायला कसल्या, पळायला लागल्या. वडी तीच, डाळ तीच, कोहळं तेच. बदलला फक्त समोरचा चेहरा. गोळ्यांची उपमा देणारी बाई परत आली, पाकीट हातात घेऊन म्हणाली, "ह्याची चव अगदी माह्या मायच्या हातासारखी आहे." तिने ते अजून फोडलंही नव्हतं. दुकानदार सांगायचे, लोक नावाने मागतच नाहीत, 'कुंकवाच्या मायच्या वड्या द्या' म्हणतात. लग्नघरं खास करून घ्यायची. सवाष्णीचा हात शुभ, म्हणायची. मी मनात जळायचे आणि खूशही व्हायचे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात माझं जुनं लेबल जसंच्या तसं छापलेलं होतं. कुणी वाचल्याचं मला तरी दिसलं नाही.

सासूबाई आमच्यासोबत बाजारात यायला लागल्या. कोऱ्या कपाळाने, मागे पोत्यावर बसायच्या. पाकिटं मात्र त्याच मांडायच्या, एकेक, चेहरा पुढे करून. गिऱ्हाईक पाकिटाकडे पाहायचं, पैसे द्यायचं आणि मागे बसलेल्या बाईकडे ढुंकूनही पाहायचं नाही. मला ते बघवत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी माझे थोरले दीर, आमच्याकडे भासरे म्हणतात, आर्वीहून आले. ते तिथे नोकरीला आहेत, घरही तिथेच बांधलंय. पायातले जोडे न काढता त्यांनी पाकीट ओट्यावर ठेवलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि होणाऱ्या व्याह्यांनी किराणा दुकानात हे पाकीट पाहून विचारलं होतं, तुमचे वडील आहेत का हयात?

"मी काय सांगू त्यायले?" ते मला म्हणत होते, आईला नाही. "बाप मेला माहा. अन् हे पोस्टर सगळ्या जिल्ह्यात फिरून राह्यलं. लोक काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "भाऊजी, फोटो आहे. जाहिरात आहे. लोक समजतात."

"लोक समजत नाईत. म्हणून तर घेऊन राह्यले." त्यांचं हे बोलणं खरं होतं आणि त्यामुळेच मला जास्त झोंबलं. "लग्नाआधी लेबल बदला. नाई तर मी मायले आर्वीले घेऊन जातो. तिथं कोणी तिचे फोटो काढणार नाई."

ते निघून गेले आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. सासूबाई गेल्या तर वड्या जातील, ही भीती होतीच. पण ते एवढंच नव्हतं. आर्वीच्या त्या घरात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून ही बाई काय करणार होती? तिच्या हाताला डाळ लागणार नव्हती. मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, चेहरा ठेवायचा आणि फक्त कुंकू काढायचं म्हणता? ताई, बिनकुंकवाची माय विकत नाही. आणि आता पाकीट बदललं तर गिऱ्हाईक बिचकतं, वाटतं माल बदलला. माझ्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी पाहून घ्या," आणि शेतात ओलिताला निघून गेला. भावाभावांत बोलणं नको म्हणून बिचारा दिवसभर शेतातच राहिला.

मी सासूबाईंनाच विचारलं. "आई, तुमाले काय वाटते? ठेवायचा का फोटो?"

त्या कोहळं किसत होत्या. "एवढ्या लोकायनं बोलून घेतलं," त्या म्हणाल्या. "मले आज पयल्यांदा कोणी इचारलं." आणि किसत राहिल्या.

लग्नाच्या वड्या घालायचा दिवस ठरला, आर्वीला, भासऱ्यांच्या गच्चीवर. आम्ही दोघी पहाटे डाळ वाटून डबे घेऊन गेलो. लेबल अजून तेच होतं. भासरे आमच्याशी धड बोलले नाहीत. मला जिन्यात गाठून एवढंच म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले. मायले स्वयंपाकघरात बसवजो." पण सासूबाईंना कुठेही बसवायची माझ्यात हिंमत नव्हती, त्या आपणहूनच गच्चीच्या दाराजवळ परात घेऊन बसल्या.

गावातल्या भावकीतल्या कमीच बाया आल्या होत्या. पाच सवाष्णी जाऊबाईंनी त्यांच्या कॉलनीतल्या बोलावल्या होत्या. त्यांतली एक चांगली उंचपुरी, बोलघेवडी बाई, मोठ्या काठाची साडी. तिने सासूबाईंना पाहिलं आणि थबकली. दोनदा पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, तुम्ही पाकिटावरच्या आई ना? मुंगवड्यांच्या?" ती वाकून पाया पडली. "मी तुमच्याच वड्या आणते. लेकीच्या बाळंतपणात तिला पुण्याला पाठवल्या. अगं बाया, ह्या बघा कोण आहेत. आता पहिली वडी आईंनीच घालायची. एवढा हात घरात असताना आपण कशाला?"

बाकीच्या हसल्या, सरकून जागा केली. जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी उठायला गेले, पण ती बाई माझ्यापेक्षा चपळ होती. तिने हळदकुंकवाचं ताट उचललं होतं. "आणि हे काय, गडबडीत कुंकू लावायचं राहिलं वाटतं," असं म्हणत तिने कुंकवाचं बोट सासूबाईंच्या कपाळाजवळ नेलं. दारात भासरे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते तिच्या बोटाकडे पाहत होते.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. जोरात नाही. "मी इधवा आहो, बाई," त्या म्हणाल्या.

त्या बाईचा हात तिथेच राहिला. मग तिने तो मागे घेतला. मला वाटलं ती म्हणेल, माफ करा. ती जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे आम्ही जेवणासाठी नेलेली आमच्याच वड्यांची पाकिटं ठेवली होती, त्यातलं एक घेऊन आली.

"मग हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता, दुखावला होता. "हे खोटं आहे का? मी हा चेहरा बघून घेत होते. भरल्या कपाळाची आई, म्हणून घेत होते. ही तर फसवणूक झाली."

मला बोलल्याशिवाय राहवेना. "वडी तर तीच आहे ना ताई? चव आवडली ना? मागे वाचा, त्यात काय काय आहे ते सगळं खरं लिहिलं आहे."

"मागचं कोण वाचतं?" ती म्हणाली.

हाच प्रश्न मी जाहिरातवाल्याला विचारला होता. तिचा राग मला कळत होता. तिला कुणी वडी विकलीच नव्हती. तिला एक आई विकली होती आणि ती आई आता कोऱ्या कपाळाने समोर बसून सांगत होती की मी ती नाही. जिने विश्वास ठेवला तिचीच अशी फजिती झाली होती, आणि मी तिला घटकद्रव्यं वाचायला सांगत होते.

भासरे पुढे आले. "पाह्यलं, माय?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी हेच म्हणून राह्यलो होतो. लोकायची फसगत होते अन् आपली शोभा होते. लग्न झालं का लेबल बदलू. तू इकडंच राह्य."

नवरी मुलगी पायऱ्यांवर उभी होती, ती वर आली नाही. सासूबाईंनी पदराने हात पुसले, डाळीचा गोळा परातीच्या कडेला काढून ठेवला आणि त्या बाईकडे पाहिलं.

"बाई, तू बरोबर बोलली," त्या म्हणाल्या. "पाकिटावर एक अन् इथं दुसरं, असं नाई चालत. खोटं ठेवा लागत नाई."

भासऱ्यांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. संपलं, मला वाटलं. उद्या ट्रंक भरायची, आणि परवापासून गटात डाळ माझी मीच वाटायची.

"उद्याच सांगतो मी त्यायले," भासरे म्हणाले. "फोटो काढून टाकतीन."

"फोटो राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "खोटं तिथं नाई, बापू. खोटं इथं आहे." आणि त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. ताट त्या बाईच्या हातात होतं. सासूबाईंनी हात लांब केला आणि ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं. त्या बाईने ताट मागे घेतलं नाही, पुढेही केलं नाही. सासूबाईंनी आरशाशिवाय, अंदाजाने, कपाळाच्या मध्यावर मोठं कुंकू लावलं. थोडं नाकावर सांडलं.

"माय," भासरे म्हणाले.

"उद्या मी माह्या घरी जातो," त्या त्यांना म्हणाल्या. "बाजार आहे."

ती बाई अजून पाकीट धरून उभी होती. तिने पाकिटाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग पुन्हा पाकिटाकडे. आता दोन्हीकडे एकच बाई होती.